हुम्याच्या पंखांचा आवाज

पिंपरी पेंढार, मळा
१४ नोव्हेंबर २०२४

चि. अमृता हिस,
सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

गोकुळनं तुझी चिठ्ठी दिली. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलाय, बाळंतपणापर्यंत पलंग सोडायचा नाही, झोपायचं तेही डाव्या कुशीवर. म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत चार महिने झाले. तू फोन करतेस आणि मामा उचलत नाही अशी तुझी तक्रार आहे. मळ्यात रेंज नाही. जिथं रेंज आहे तिथं बांधावर उभं राहून ओरडायला मला आवडत नाही, आणि अंगठ्यानं दीड ओळ लिहायची विद्या मी शिकलो नाही. पत्र लिही. गोकुळचा टेम्पो भाजी घेऊन मंचरला जातो, तो महाळुंग्याला वाकडी वाट करील. गेल्या महिन्यात मी त्याची विहिरीवरची जळालेली मोटर नवी तार गुंडाळून भरून दिली आहे, तेवढं त्यानं करायला हरकत नाही.

आता तुझा प्रश्न. खिडकीसमोरच्या चिंचेच्या ढोलीत दोन छोटी घुबडं आहेत, ती तुझ्याकडे बघून मान खालीवर करतात, चिडवतात का? ती घुबडं म्हणजे पिंगळे. चिडवत नाहीत, मोजतात. घुबडाचा डोळा आपल्यासारखा गोल नसतो, नळीसारखा लांब असतो आणि खोबणीत पक्का बसलेला. इकडे-तिकडे फिरत नाही. म्हणून डोकं हलवून दोन-तीन जागांवरून बघायचं आणि अंतर काढायचं. आणि म्हणूनच मान पाऊण फेरा फिरते. आपल्या मानेत सात मणके, त्याच्या मानेत चौदा. यातून निघणारी एक गोष्ट ध्यानात ठेव, पुस्तकात कोणी लिहीत नाही: घुबड कुठं बघतंय हे त्याला लपवता येत नाही. तोंड तिकडे नजर.

पडून करू काय, असंही विचारलंस. सोबत माझ्या सात वह्या पाठवतो. २००३ पासूनच्या नोंदी आहेत, कसर लागली आहे. चांगल्या कागदावर उतरवून काढ. माझा नियम तुला माहीत आहे: स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं तरच वहीत. दुसऱ्याच्या सांगण्यावर एक ओळ नाही. अक्षर बदलायचं नाही. कुठं चूक वाटली तर तीही तशीच उतरव आणि मला कळव. चूक नसेल.

इकडे ऊसतोड सुरू झाली, बिबट्या उघड्यावर आला. वनखात्यानं माझ्याच बांधाला पिंजरा लावला आहे, आत शेळी. पाचनंतर सगळी वस्ती दारं लावून घेते. तू एकटीच कोंडलेली आहेस असं समजू नकोस.

अक्काला, म्हणजे तुझ्या आईला, सांग की मी कळंबला राहायला येणार नाही. हायवेवरच्या दोन खोल्या आणि समोर भिंत. त्यापेक्षा पिंजऱ्यातल्या शेळीला जास्त दिसतं.

तुझा मामा,
खंडू भागूजी


महाळुंगे पडवळ
१९ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सविनय जय भीम.

वह्या पोचल्या. सासूबाई म्हणाल्या, "एवढं लिहिलंय तुझ्या मामानं? आन् लगीन मात्र केलं न्हाई." मी म्हटलं, वेळ नाही मिळाला.

पिंगळ्यांवरून घरात खटका उडाला. सासूबाईंच्या चुलत जाऊबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, पोटुशी बाई आणि समोर घुबडं. सासूबाई आधी म्हणाल्या, "आमी असलं काय मानत न्हाई." मग थोड्या वेळानं, "पण ढोली बुजवून टाकायला काय जातंय?" मी सांगितलं, बुजवा, पण मग मामा स्वतः येतील आणि तुम्हाला बसवून पिंगळ्याची सगळी माहिती सांगतील. "ऱ्हाऊ दे मग," म्हणाल्या. पिंगळे वाचले.

प्रबुद्धला चाकणला शिफ्ट असते, तो रविवारीच घरी. बाकीचे सहा दिवस मी, छताचा पंखा आणि ही खिडकी. तुम्ही म्हणता तसं माझेही डोळे खोबणीत पक्के झालेत, मान तेवढी फिरते. काल साडेपाचला मोठा पिंगळा तारेवरून सरळ खाली पडल्यासारखा आला, आणि चक्क चालत, धावत गेला नाकतोड्यामागं! लेंगा वर धरून पळणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. मी इतकी हसले की सासूबाई पळत आल्या, टाक्याला काही झालं का म्हणून.

तुमच्या पहिल्या वहीत गव्हाणी घुबडाबद्दल आहे की ते मिट्ट काळोखात उंदीर धरतं. डोळ्यांनी दिसणार नाही एवढ्या काळोखात ते कसं? नीट सांगा, मला वेळ भरपूर आहे.

एक तक्रार. गोकुळदादा म्हणतात, "तुझ्या मामाच्या फाटकात तीनदा हारन मारला, त्ये आत मोटरीसमोर बसल्यालं, मान वर न्हाई. शेवटी खडा मारला तवा बघितलं." कामात एवढं बुडू नका. बिबट्याचे दिवस आहेत.

तुमची,
अमृता


पिंपरी पेंढार
२६ नोव्हेंबर २०२४

चि. अमृता हिस,
सप्रेम जय भीम.

गोकुळच्या टेम्पोचा हॉर्न बसला आहे, हे त्याला पुष्कळदा सांगून झालं. तो माझ्या नावावर खपवू नये.

तुझं अक्षर उजवीकडे घसरतं. कुशीवर पडून लिहिलं तरी ओळ सरळ ठेवता येते. कागदाखाली पाटी घे.

गव्हाणी घुबडाचं ऐक. त्याचा पांढरा, बदामासारखा चेहरा म्हणजे चेहरा नव्हेच, ती आवाज गोळा करायची परात. त्या पिसांमागं दोन कान, आणि ते एका पातळीत नसतात, एक वर, एक खाली. गवतात उंदीर खसफसला की आवाज एका कानात केसभर आधी पोचतो, दुसऱ्यात मागाहून. त्यावरून डावं-उजवं कळतं. कान खालीवर असल्यामुळं उंची कळते. दोन्हींचा मेळ बसला की घुबडाला काळोखात बरोबर तो एक ठिपका सापडतो आणि ते पाय पुढं करून त्यावर पडतं. एक कान बंद झाला तर? आवाज ऐकू येईल, पण कुठून आला ते कळणार नाही. असं घुबड एक हंगामसुद्धा काढत नाही.

दुसरं, पंख. पिसाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात, मागं झालर. हवा फाटत नाही, सरकते. म्हणून उंदराला घुबड येताना ऐकू येत नाही, आणि घुबडालाही स्वतःच्या पंखांचा अडथळा होत नाही.

आता खरी बातमी. ओढ्यावरच्या बंधाऱ्याला तीन आठवड्यांपासून हुमा आहे. मासे धरणारं मोठं घुबड, डोक्यावर विस्कटलेले तुरे, पाय उघडे. पायावर पिसं नाहीत, कारण ओली झाली असती, आणि तळव्याला काटेरी खरबरीतपणा, मासा निसटू नये म्हणून. पुस्तकवाले लिहितात की हुम्याच्या पंखांना ती झालर नसते, मासा पाण्याखाली, त्याला ऐकू कुठं जाणार; त्यामुळं हुमा उडताना आवाज होतो. मी रोज पावणेसहाला खडकावर बसतो. काल तो माझ्या डोक्यावरून गेला, दहा फुटांवरून. आवाज शून्य. गव्हाणीइतकाच शून्य. मी अजून दोन-चार संध्याकाळी खात्री करतो, मग पुस्तकवाल्यांना कळवायला पाहिजे.

पिंजऱ्यातली शेळी मोठी समजूतदार आहे. गप्प बसून असते.

मामा


महाळुंगे पडवळ
५ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सविनय जय भीम.

पाटी घेतली आहे. ओळ बघा.

तीन वह्या उतरवून झाल्या. घुबडाच्या तोंडातून पडलेल्या गोळ्या पाण्यात भिजवून, सुईनं सोडवून, उंदरांचे जबडे मोजून तुम्ही जो हिशोब मांडलाय तो बघून सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, पण पान संपेपर्यंत उठल्या नाहीत. "एका गोळीत चार उंदीर? आन् आमी औषधं घालून मरतोय!" आता त्या पिंगळ्यांना 'आपले' म्हणतात.

शेळीबद्दल गोकुळदादांचं मत वेगळं आहे. "समजूतदार? त्या शेळीनं आठ दिस झाले वस्तीला डोळा लावू दिला न्हाई. रात-रात वराडती." मला वाटतं, तुमच्या आणि त्यांच्या शेळ्या वेगळ्या असाव्यात.

आणखी एक, रागावू नका. ते म्हणतात की त्यांची मोटर तुमच्याकडून आणल्यापासून शिट्टी मारल्यासारखी वाजते. बेअरिंग गेलं असावं. तुम्हाला दाखवली तर तुम्ही हात ठेवून म्हणालात, "फस्क्लास चाललीय." तुम्ही तर नुसता पाना कानाला लावून मोटरीचा आजार सांगायचात. त्यांना तुम्हाला बोलायचं जिवावर येतं, म्हणून मला सांगितलं.

हुमा बसतो तो बंधारा म्हणजे मी पाचवीत असताना तुम्ही मला नेलं होतं तोच का? मला खडक आठवतो, आणि मी चप्पल पाण्यात घालवली होती.

तुमची,
अमृता


पिंपरी पेंढार
११ डिसेंबर २०२४

चि. अमृता हिस,
सप्रेम जय भीम.

बंधारा तोच. चप्पल उजव्या पायाची.

मोटर मी तीस वर्षं भरतो आहे. पंचक्रोशीत माझी एक मोटर परत आली असेल तर गोकुळनं नाव सांगावं. यापुढं त्यानं ती नारायणगावला न्यावी. तसंही मी नवं काम घेणं कमी केलं आहे.

शेरू गेला. सकाळी उठलो तर साखळी तुटलेली, पट्टा उसाच्या कडेला. माझ्या उशापासून पंधरा फुटांवर बांधलेला असायचा. एवढा भुंकणारा कुत्रा, आणि हूं की चूं न करता गेला. बिबट्या मानच धरतो, आवाज करायला वेळ मिळत नसावा. त्याची थाळी अजून दारात आहे, उचलली नाही.

आता कामाचं. खालची नोंद स्वच्छ उतरवून ठेव, ही मी पुण्याच्या पक्षी-मंडळाला पाठवणार आहे. दर वर्षी त्यांची माणसं इथं येतात, दुर्बिणी लावतात, आणि मला 'स्थानिक' म्हणून फोटोत उभं करतात.

"नोंद ३१२. हुमा घुबड. बंधारा. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर, अकरा उड्डाणं, अंतर दहा ते तीस फूट, वारा पडलेला. एकाही उड्डाणात पंखांचा आवाज नाही. पुस्तकांतलं विधान चूक."

अकरा उड्डाणं, अमृता. एक नाही, दोन नाही.

मामा


महाळुंगे पडवळ
२० डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सविनय जय भीम.

हे पत्र मी चार दिवस लिहिते आहे. दोनदा फाडलं.

पाच दिवसांपूर्वी पाचवी वही उतरवत होते. त्यात तुमच्याच अक्षरात आहे, मी एक अक्षर बदललेलं नाही:

"नोंद ८७. हुमा घुबड. बंधारा. ८ फेब्रुवारी २००९, सायंकाळी सहा. सोबत अमृता, वय अकरा. डोक्यावरून वीस फुटांवरून गेला. पंखांचा आवाज स्पष्ट, वाऱ्यावर ताणलेल्या धोतरासारखा. अमृतानंही ऐकला व घाबरून चप्पल सोडली."

मामा, मला तो आवाज आठवतो. सूं-सूं असा, पंखांच्या प्रत्येक फटक्याला. मी तेव्हा घाबरले आणि तुम्ही म्हणालात, "घाबरतीस काय येडे, हा आवाज ऐकू येतोय म्हणजे ते गव्हाणी न्हाई, हुमा हाय. कानानं वळखायचं."

तोच बंधारा, तेच घुबड. तुमच्या अकरा उड्डाणांवर मी अविश्वास दाखवत नाही. तुम्ही पाहिलं ते लिहिलं, ऐकलं ते लिहिलं. पण मग हॉर्न. मग फोन. मग रात्रभर ओरडणारी शेळी, जी तुमच्या बांधाला गप्प बसते. मग शिट्टी मारणारी मोटर. आणि शेरू, मामा. तो पंधरा फुटांवरून गप्प गेला असेल असं मला वाटत नाही.

तुम्हाला ऐकू येत नाही. कधीपासून?

तुम्हीच म्हणालात, चूक वाटली तर कळव.

तुम्ही रोज पावणेसहाला उसाला पाठ करून खडकावर बसता. बिबट्या आल्याचं वस्तीला कळतं ते टिटवी ओरडली, कुत्री भुंकली की. तुमच्या घरी आता कुत्रंही नाही. मला हा विचार करून उठून बसावंसं वाटतं आणि उठता येत नाही. मी आईला अजून सांगितलेलं नाही.

तुमची,
अमृता


पिंपरी पेंढार
२३ डिसेंबर २०२४

अमृता,

माझ्या सातही वह्या गोकुळकडे परत दे. उतरवलेले कागद तुझ्याकडे ठेव किंवा चुलीत घाल.

२००९ साली वारा असेल. वाऱ्याची नोंद तेव्हा मी करत नव्हतो.

खंडू भागूजी


महाळुंगे पडवळ
२८ डिसेंबर २०२४

ती. मामांस,

वारा नव्हता, आणि नोंद होती. "वारा नाही" असं नोंद ८६ मध्ये आहे, तीच संध्याकाळ, पिंगळा. तुम्ही वाऱ्याची नोंद पहिल्या पानापासून केली आहे.

वह्या देणार नाही. गोकुळदादांना मी तसं सांगितलंय, आणि सासूबाई वह्यांच्या पेटीवर बसल्यात.

आईला सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन मळ्यात येईल, तुमची भांडी भरेल आणि तुम्हाला कळंबला नेऊन ठेवेल. तुम्हाला तिथं काय वाटेल ते मला या पलंगावर पडून चांगलं कळतं. नाही सांगितलं आणि काही झालं, तर मी आयुष्यभर काय करू? मी ना उठू शकते, ना हे बोलू शकते. तोंडात धरून पडले आहे.

२६ जानेवारीपर्यंत मी गप्प राहीन. त्याआधी तुम्ही स्वतः आईला सांगा. नाहीतर मी सांगणार.

अमृता


पिंपरी पेंढार
१९ जानेवारी २०२५

चि. अमृता हिस,
सप्रेम जय भीम.

हे पत्र आधीच लिहायला पाहिजे होतं. रोज पाटी घेऊन बसलो, रोज उठलो.

१२ तारखेला खडकावर होतो. पाच पन्नास. हुमा समोरच्या उंबरावर, तोंड पाण्याकडे, पाण्यात मळ्या मासा होता. मी मोजत होतो. एकाएकी त्यानं मान फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या उजव्या खांद्याच्या वरून, मागं. तुरे चपटे झाले, अंग आवळून लाकडासारखं केलं. तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं, त्याला नजर लपवता येत नाही. मी त्याच्या तोंडाची रेघ धरून मागं वळलो. वीस पावलांवर उसाच्या सरीत बिबट्या बसलेला होता. पुढचे पाय पोटाखाली घेतलेले. मी उभा राहिलो, हात वर केले, ओरडलो. ओरडलो असेन. तो उठला, आळस दिल्यासारखा, आणि आत गेला.

मग मला दिसलं की पलीकडच्या बांधावर गोकुळ उभा आहे आणि पत्र्यावर पाना आपटतोय. जवळ आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलेलं. लिहून दे म्हणालो, त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. तसंच्या तसं देतो: "पाच मिन्ट बोंबलतोय राव. टिटव्या डोक्यावर. पत्रा बडवला. तुमी दगडावानी."

पाच मिनिटं. टिटव्या. पत्रा. माझ्याकडे यातलं काहीही पोचलं नाही. पोचली ती एका घुबडाची मान.

दुसऱ्या दिवशी मी माझीच परीक्षा घेतली, कारण दुसऱ्याच्या सांगण्यावर मी काही लिहीत नाही. गोकुळला चावीचं गजराचं घड्याळ दिलं, डोळे बांधून मध्ये बसलो. डावा कान: अकरा पावलांपर्यंत. उजवा कान: घड्याळ कानाला टेकवलं तेव्हा हाडात थरथर, आवाज नाही. मग त्याला म्हटलं, दहा पावलांवरून वाटेल तिथून वाजव, मी बोट दाखवतो. वीसपैकी सहा बरोबर. असल्या निशाण्यावर गव्हाणी घुबडाचं पिल्लूसुद्धा उपाशी मेलं असतं.

उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला. मोटरींमुळं असेल. तीस वर्षं मी पाना त्याच कानाला लावला. डावा दिवाळीपासून उतरला. मला माहीत होतं. पण कोणाला कळलं तर मला दोन खोल्यांत घालतील हेही माहीत होतं, म्हणून मी हॉर्न बंद पाडला, रेंज घालवली, शेळी गप्प केली. शेरूबद्दल मी स्वतःला जे सांगितलं ते तुला लिहिलं. मी डाव्या कुशीवर झोपलेलो, ऐकू येणारा कान उशीत; तो भुंकला असणार. पुष्कळ वेळ भुंकला असणार.

गोकुळच्या मोटरीचं बेअरिंग मी बदलून दिलं. हात ठेवून कळतं, लक्ष दिलं तर. तेव्हा मी लक्ष दिलं नाही, कारण ऐकू येतं असं दाखवण्यात लक्ष होतं.

२६ ला अजून सात दिवस आहेत. अक्काला मी पत्र टाकलं आहे, याच गोकुळबरोबर. आधी ते पोचेल, मग हे.

मामा


महाळुंगे पडवळ
२३ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सविनय जय भीम.

आईचा फोन आला. रडली, मग शिव्या दिल्या, मग म्हणाली, "बरं झालं, मला वाटायचं खंडू माझ्यावर रुसलाय म्हणून फोन घेत न्हाई. दोन वरसं मी मनात कुढत व्हते." तिनं खोलीचा कोपरा रिकामा केला आहे. कपाट हलवलं, कारण त्यामागं खिडकी होती.

मला माफ करा असं लिहिणार होते. नाही लिहीत. पिंगळ्यांनी अंडी घातली असावीत, एकच बाहेर दिसतो.

अमृता


कळंब
७ फेब्रुवारी २०२५

चि. अमृता हिस,
सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

इथं येऊन नऊ दिवस झाले. खोली आठ बाय दहा. खिडकीला जाळी, जाळीपलीकडे भिंत, भिंतीवर हात-दीड हात आकाश. हायवेचे ट्रक रात्रभर जातात म्हणे, मला त्रास नाही. त्रास अक्काचा. मला ऐकू जावं म्हणून ती एवढ्या मोठ्यानं बोलते की मी काय जेवलो ते सगळ्या गल्लीला कळतं.

मंचरला कान तपासले. डाव्याला मशीन लावून थोडं उजळेल, उजव्याला काही नाही. दिशा परत येणार नाही, हे मला डॉक्टरांच्या आधी ठाऊक होतं. दोन कानांशिवाय तो ठिपका सापडत नाही. म्हणून मळ्यात राहणं संपलं. सकाळी दहाला गोकुळ मला तिथं सोडतो आणि चारला गोळा करतो. साडेपाचला, म्हणजे खरं बघायची वेळ सुरू होते तेव्हा, मी जाळीमागं असतो. पहिले तीन दिवस मी या खोलीत फक्त पावलं मोजली. लांबी पाच, रुंदी चार. पिंजऱ्यातल्या शेळीला सोडून दिलं, बिबट्या पिंजऱ्यात आलाच नाही. ती आता ओरडत नसावी. गोकुळला विचारून लिहितो.

काल संध्याकाळी भिंतीवरच्या त्या दीड हातात विजेच्या खांबाचं टोक आहे, त्यावर पिंगळा येऊन बसला. मान खालीवर केली. मोजत होता.

बाळ झाल्यावर एक कर. त्याच्या डोक्यामागं, त्याला दिसणार नाही असं, हळू टाळी वाजव. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. वळतं का ते बघ आणि मला तारखेसह कळव.

आठवी वही गोकुळबरोबर पाठवली आहे. नोंद ३१२ वर तांबड्या शाईनं आडवी रेघ मार आणि खाली हे लिही:

"नोंद ३१२ रद्द. हुमा उडताना आवाज होतो. नोंद ८७ पाहावी. अकराही उड्डाणांत आवाज झाला. निरीक्षकाला ऐकू आला नाही. दोष पक्ष्याचा नाही, पुस्तकाचाही नाही."

त्याखाली 'ऐकणारी' म्हणून तुझी सही कर, वय अकरा असं कंसात. माझ्या वहीत आजवर दुसऱ्या कोणाची सही नाही, तेव्हा जागा कुठं ठेवायची ते मला सुचलं नाही. तूच बघ. पाटी नसली, ओळ घसरली तरी चालेल.

तुझा मामा,
खंडू